नादारीचा अर्ज करण्याआधी

परभणी,
१० नोव्हेंबर २०२५

चि. बाळास,


परवा रात्री फोनवर तू एकच गोष्ट तीनदा विचारलीस: "मामा, नादारी घेऊ का?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण तुझा आवाज थकलेला होता आणि माझ्यासमोर आकडे नव्हते. काल सूनबाईंनी वहीच्या पानांचे फोटो पाठवले. दुकानाच्या लाल वहीची सहा पानं. पेनची शाई तीन वेळा बदललेली, पण अक्षर नीटनेटकं. रात्री बसून सगळी बेरीज केली. फोनवरचं बोलणं दुसऱ्या दिवशी अर्धं विसरतं, म्हणून लिहितोय. हे पत्र सूनबाईंना आणि तुझ्या आईला, अक्कालाही वाचून दाखव.

उत्तर आधी सांगतो. आज नादारीचा अर्ज करू नकोस. आणि अर्ज करण्याआधी शेत सूनबाईंच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाकायचा जो विचार तुझ्या डोक्यात आहे, तो तर कायमचा काढून टाक. ज्याने हा सल्ला दिला त्याने तुझं भलं केलेलं नाही. नादार ठरण्याच्या आधीच्या दोन वर्षांत असं फुकट केलेलं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं. शेत परत येतं ते रिसीव्हरच्या हातात, आणि धनकोंना बुडवायला मालमत्ता लपवली असा शिक्का तुझ्यावर बसतो. चाळीस वर्षं मी या कोर्टात वकिली केली. प्रामाणिकपणे बुडालेल्या माणसाकडे न्यायाधीश कसे बघतात आणि लपवाछपवी केलेल्याकडे कसे बघतात, हे डोळ्यांनी पाहिलंय. तू पहिल्या प्रकारचा आहेस. तसाच राहा.

दुसरं म्हणजे लाज. अक्का म्हणाली, तू मोंढ्यात जाणं सोडलंस, गोदाकाठी जनाबाईच्या दर्शनालासुद्धा अंधार पडल्यावर जातोस. जुने लोक सांगायचे की व्यापार बुडाला की दुकानदार भरदिवसा दुकानात दिवा लावून बसायचा, म्हणजे धनकोंनी समजून घ्यायचं. दिवाळं हा शब्द त्यावरूनच आला म्हणतात. तुकोबांचं दुकान दुष्काळात बुडालं ही गोष्ट वारकऱ्याच्या घरी कोणाला ठाऊक नाही? ज्या सप्टेंबरात मराठवाडाभर पाणी शेतांतून वाहिलं, त्याच सप्टेंबरात तुझ्याकडून बी-खत उधार नेलेल्या पन्नास माणसांचं सोयाबीन कुजलं. तू चैन करून बुडालेला नाहीस. मान वर करून मोंढ्यात जा. उधारी वसूल करायची तर जावंच लागणार आहे.

आता वही. तुझ्या पानांवर सगळं एकाखाली एक आहे आणि शेवटी एकच बेरीज: बावीस लाख वीस हजार. ही बेरीजच तुला झोपू देत नाही. पण बाळा, हे एक कर्ज नाही. ही सात वेगवेगळी देणी आहेत आणि प्रत्येकाला कायदा वेगळा आहे. बँकेचं कॅश क्रेडिट आठ लाख, घर तारण. वितरकाचे पाच लाख, त्यातला दीड लाखाचा चेक परत गेलेला. पतसंस्थेचे चार लाख, दोन जामीनदार. सावकाराचे तीन लाख. सोसायटीचं पीककर्ज एक लाख वीस हजार. सूनबाईंच्या गटाचे साठ हजार. आणि मोबाईलवरून घेतलेले चाळीस हजार.

या सातांवर नादारीचा काय परिणाम होईल ते बघू, म्हणजे मी नको का म्हणतो ते कळेल.

गंगाखेडच्या माणसाला आजही जो नादारीचा कायदा लागू होतो तो १९२० सालचा आहे, प्रांतिक नादारी अधिनियम. मुंबईसाठी १९०९ चा वेगळा. २०१६ मध्ये दिवाळखोरीची नवी संहिता आली, तिच्यात तुझ्यासारख्या एकट्या माणसासाठी आणि भागीदारी दुकानांसाठी एक पूर्ण भाग आहे. अगदी गरीब कर्जदाराची देणी सोप्या रीतीने माफ करण्याची सोयही लिहिलेली आहे. पण तो भाग अजून लागू केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. त्यामुळे पुण्याचा तुझा मित्र मोबाईलवर जे वाचून दाखवतो ते छापलेलं खरं आहे, पण तुझ्या उपयोगाचं नाही.

जुन्या कायद्यात अर्ज परभणीच्या जिल्हा न्यायालयात करायचा. पाचशे रुपयांवर देणं असलं आणि फेडण्याची ताकद नसली की अर्ज करता येतो. पाचशे या आकड्यावरूनच कायद्याचं वय कळतं. अर्जासोबत सगळ्या देण्यांची आणि सगळ्या मालमत्तेची यादी शपथेवर द्यायची. राजपत्रात प्रसिद्धी होते. धनको येऊन हरकत घेतात. कोर्टाने नादार ठरवलं की तुझी मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं, बैल, बियाणं आणि बाईचं मंगळसूत्र यांना दिवाणी कायद्याने हात लावता येत नाही, ते राहतं. शेतकऱ्याचं राहतं घरही त्या यादीत आहे, पण तू मुख्यतः दुकानदार आहेस आणि घर तू स्वतः बँकेला गहाण दिलंय. त्या ओळीवर भिस्त ठेवू नकोस.

या सगळ्याच्या बदल्यात मिळतं काय? कोर्टाच्या परवानगीवाचून कोणी वसुलीचा दिवाणी दावा लावू शकत नाही, अटकेपासून संरक्षण मागता येतं, आणि शेवटी मुक्ततेचा हुकूम झाला तर उरलेली देणी सुटतात. हे थोडं नाही. ज्याच्याकडे काहीच उरलेलं नाही आणि ज्याच्यामागे दहा हुकूमनामे लागलेत त्याच्यासाठी हा कायदा खरोखर आधार आहे. पण मुक्तता आपोआप होत नाही, ठरलेल्या मुदतीत मागावी लागते. धनकोंना रुपयामागे आठ आणेसुद्धा मिळत नसतील, तर हे माझ्या दोषामुळे झालं नाही हे कोर्टाला पटवावं लागतं. मुक्तता होईपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपयांची उधारी केली तरी तो गुन्हा. दुकानदाराने उधारीशिवाय दुकान कसं चालवायचं, ते तूच सांग.

आता तुझी सात देणी. बँकेकडे घर तारण आहे, आणि तारण असलेला धनको नादारीच्या बाहेर उभा असतो. तू नादार झालास तरी बँक घरावर कारवाई करू शकते. परत गेलेल्या चेकची केस फौजदारी आहे, ती नादारीने थांबत नाही. गटाचं कर्ज सूनबाईंच्या नावावर आहे, तुझ्या अर्जाशी त्याचा संबंध नाही. आणि पतसंस्थेचं सगळ्यात वाईट: तू सुटलास तरी तुझे जामीनदार सुटत नाहीत. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय.

जामीनदार म्हणजे काय हे मी तुला पुस्तकातून सांगत नाही. मी एका मित्राला एका पतसंस्थेत जामीन राहिलो होतो. मित्राने गाव सोडलं. एका सकाळी वसुली अधिकारी दोन माणसं घेऊन दारात आला आणि डिंकाने नोटीस दाराच्या चौकटीला चिकटवली. तुझी मामी तेव्हा अंगणात रांगोळी काढत होती. तिने रांगोळीची वाटी खाली ठेवली, नोटीस पूर्ण वाचली आणि एक शब्द न बोलता आत गेली. १०१ चा दाखला निघालेला होता. म्हणजे सहकार कायद्याच्या १०१ कलमाखाली वसुलीचा दाखला. त्यावर फेरतपासणीला जायचं तर वसूलपात्र रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. वकील असूनही मी अडकलो. अकरा महिन्यांत मी ते पैसे फेडले. पैशाचं दुःख गेलं, पण तो मित्र रस्त्यात दिसला की दोघेही बाजू बदलतो, ते गेलं नाही. तुझ्या दोन जामीनदारांपैकी एक शाळेत शिक्षक आहे. त्याच्या पगारातून कपात सुरू झाली तर तू कोणत्या तोंडाने त्याच्या घरी पोळ्याचं जेवण जेवशील? म्हणून मी म्हणतो, पहिला पैसा पतसंस्थेला. व्याज तिकडे जास्त आहे म्हणून नव्हे, तिकडे माणसं गुंतली आहेत म्हणून.

पण त्याच्याही आधी एक तारीख आहे. वितरकाची चेकची नोटीस तुला ३ नोव्हेंबरला मिळाली. मिळाल्यापासून पंधरा दिवस, म्हणजे १८ तारीख. तोवर चेकची रक्कम दिली तर केस उभीच राहत नाही. दीड लाख कुठून आणायचे? तुझ्या वहीत मागच्या बाजूला गावोगावची उधारी आहे, साडेसहा लाखांची. पाणी लागलेल्यांना आत्ता मागू नकोस, त्यांच्या घरात काही नाही. पण माळाकडच्या ज्यांचं सोयाबीन वाचलं आणि मोंढ्यात मापं झाली, त्यांच्याकडे उद्यापासून जा. गोदामातलं न फोडलेलं खत-औषध वितरकाला परत देऊन तेवढी रक्कम वजा करून मागायची. त्याला तुला तुरुंगात बघायचं नाही, त्याला पैसे हवेत. जे ठरेल ते त्याच्या सहीने लिहून घे, आणि नवीन चेक देऊ नकोस, खात्यात थेट भर.

बँकेची सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस २७ ऑक्टोबरला आली. ती उघडून परत पाकिटात घालून कपाटात ठेवलीस असं सूनबाई म्हणाल्या. ते पाकीट बाहेर काढ. साठ दिवस २६ डिसेंबरला संपतात. त्या साठ दिवसांत लेखी म्हणणं देता येतं, आणि दिलं तर बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. बहुतेक कर्जदार गप्प बसतात, तिथेच घर जातं. म्हणणं मी लिहून देतो. त्यात चुकीचं व्याज धरलंय का हे विचारायचं. एप्रिल २०२४ पासून दंडव्याज मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि तुझ्या खात्याच्या उताऱ्यात मला दोन नोंदी तशा दिसतात. सोबत एकरकमी परतफेडीचा प्रस्ताव द्यायचा. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये बँकांना तडजोडीचं स्वतःचं धोरण ठेवायला सांगितलंय, तेव्हा "आमच्याकडे असं काही नसतं" हे शाखेतलं उत्तर ऐकून परत येऊ नकोस. अर्ज दे, पोच घे.

तडजोडीची किंमत आहे, तीही ऐक. सिबिलमध्ये खातं पूर्ण फेडलं असं न येता तडजोड असं येतं, आणि शेतीखेरीज कर्जांत तीच बँक किमान बारा महिने नवं कर्ज देत नाही. तुला बारा महिने नवं कर्ज मिळालं नाही तर मला आनंदच होईल. पैसे भरल्यावर बेबाकी प्रमाणपत्र घे. मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायला बँक बांधील आहे, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. आणि कोणी "शेतजमीन जादा तारण द्या, मग बघू" म्हणालं तर साफ नाही म्हण. शेतजमिनीवर बँक तो सरफेसीचा कायदा चालवू शकत नाही. ती ढाल स्वतःहून वाकवायची नाही.

पतसंस्था, बँक, वितरक, तिघांनाही १३ डिसेंबरच्या राष्ट्रीय लोकअदालतीत बोलावता येईल. दावा लागलेला नसला तरी प्रकरण तिथे ठेवता येतं. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यायचा. सूनबाईंना स्त्री म्हणून वकील मोफत मिळतो, तेही विसरू नकोस. मात्र लोकअदालतीत सही केली की तो हुकूमनामा, त्यावर अपील नाही. तिथे लोक साहेबांसमोर भिडेने मोठे हप्ते कबूल करून येतात आणि मार्चमध्ये पुन्हा बुडतात. जेवढं देता येईल तेवढंच बोल.

सोसायटीच्या पीककर्जाची तू उगाच जास्त काळजी करतोस. ते देणं सगळ्यांत सौम्य आहे. अतिवृष्टी जाहीर झालेल्या भागात पीककर्जाचं पुनर्गठन होतं, म्हणजे थकबाकी मध्यम मुदतीच्या हप्त्यांत बदलते. गटसचिवाकडे अर्ज दे. कर्जमाफीवर मात्र संसाराचा हिशेब मांडू नकोस. २००८ ची झाली, २०१७ ची दीड लाखापर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची. आता सरकारने ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं सांगितलंय. झाली तर घे, तो तुझा हक्क आहे. पण यातल्या एकाही माफीने कोणाच्या दुकानाचं कॅश क्रेडिट किंवा पतसंस्थेचं कर्ज फिटलं नव्हतं. माफी येईल म्हणून ऐपत असताना हप्ते थांबवणारे आपल्या तालुक्यात किती जण व्याजाखाली गेले ते तुला माहीत आहे.

सूनबाईंचा गट चालू ठेवा. रक्कम छोटी आहे, आणि गटातल्या बाकीच्या बायकांशी रोजचा शेजार आहे. वसुलीवाला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर फोन करू शकत नाही, दारात उभं राहून ओरडू शकत नाही. तसं झालं तर सूनबाईंनी तारीख-वेळ लिहून ठेवावी. मोबाईलवरचे चाळीस हजार ज्याचे आहेत ती कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का ते मी बघतो. आणि "कर्जमाफीचं प्रमाणपत्र देतो, सिबिल साफ करतो" असं म्हणून कोणी फी मागितली तर पळ. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये असल्या जाहिरातींबद्दल लोकांना जाहीर सावध केलंय.

सिबिलवरून आठवलं. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो या आठवड्यात काढ. आपल्या गंगाखेडच्या साखर कारखान्याचं २०१७ चं प्रकरण तुला आठवत असेल. शेतकऱ्यांच्या कागदांवर त्यांना न सांगता बँकांतून कर्ज उचलल्याचा आरोप होऊन गुन्हा दाखल झाला, पुढे २०२० च्या डिसेंबरात ईडीने सुमारे २५५ कोटींची मालमत्ता जप्त केली. खटल्याचं जे व्हायचं ते कोर्टात होईल. पण त्या वेळी बँकेची नोटीस घरी आल्यावरच आपल्या नावावर कर्ज आहे हे ज्यांना कळलं, असे म्हातारे शेतकरी माझ्याकडे कागद घेऊन येत होते. तुझ्या नावावर वहीबाहेरचं आठवं देणं नाही ना, एवढं खात्री करून घ्यायचं.

आता सावकार. तू त्याचं नाव फोनवरसुद्धा हळू आवाजात घेतोस. अक्काच्या ऑपरेशनसाठी तीन लाख घेतलेस, शेकडा पाच दरमहा. म्हणजे महिन्याला पंधरा हजार. बावीस महिने दिलेस. तीन लाख तीस हजार झाले बाळा. मुद्दलापेक्षा जास्त व्याज देऊन झालंय आणि तुझ्या वहीत मुद्दल अजून तीनच लाख आहे. आपल्याकडे दामदुपटीचा जुना न्याय आहे, व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही तो आहे. त्याच कायद्याखाली शेतकऱ्याला परवानाधारक सावकाराने लावायचा दर तारणी कर्जावर वर्षाला शेकडा नऊ, बिनतारणीवर बारा. तू देतोयस साठ. आणि या माणसाकडे परवानाच नसेल, तर कोर्ट त्याला वसुलीचा हुकूमनामा देत नाही, उलट विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

त्याने एका एकराचं खरेदीखत करून घेतलंय ना, "पैसे दिले की परत फिरवू" या तोंडी बोलीवर? पंधरा वर्षांच्या आतला असा व्यवहार सावकारीपोटी झालाय हे चौकशीत दिसलं तर जिल्हा उपनिबंधक ते खरेदीखत रद्द करून जमीन परत देण्याचा हुकूम करू शकतात. सातबारा अजून तुझ्या वहिवाटीचा आहे, पैसे तू फोनवरून पाठवलेस त्याच्या नोंदी आहेत. पुरावा म्हणजे दुसरं काय असतं? पुढचा पंधरा हजारांचा हप्ता देऊ नकोस. अर्ज मी करतो. तो घरी येऊन दमदाटी करेल ही तुझी भीती खोटी नाही, म्हणून अर्जाची एक प्रत पोलीस ठाण्यात आधी देऊन ठेवू. सावकाराचे पैसे द्यायला पतसंस्था, पतसंस्थेचे द्यायला मोबाईल, हे चक्र ज्या दिवशी थांबेल त्या दिवसापासून तू सावरायला लागशील.

राहिली कठीण गोष्ट. अक्का म्हणाली, पाणंदीकडच्या एका एकराला शेजारचा बारा लाख द्यायला तयार आहे. तू ऐकून उठून गेलास. तुझ्या वडिलांनी, दाजींनी तो एकर सालगडी राहून, पै-पै जोडून घेतला, मी त्या खरेदीला साक्षीदार होतो. त्यांचा अंगठा उठला तिथे निळी शाई पसरली होती, ती मला आजही दिसते. तरी मी म्हणतो, विक. लिलावात गेलेली जमीन निम्म्या भावाने जाते, आणि आपण विकली तर भाव आपण ठरवतो. पतसंस्थेचे चार लाख त्यातून एकदम देऊन जामीनदार मोकळे कर. सहा लाख बँकेच्या तडजोडीला पहिला भरणा म्हणून दाखव. दोन लाख वितरकाला, त्याचे उरलेले उधारी येईल तसे हप्त्याने. सोसायटीचा बोजा सातबाऱ्यावर असेल तर विक्रीआधी तो विषय तलाठी आणि सोसायटीकडे मिटवावा लागेल, ते बघू. उरलेलं शेत आणि घर राहील. दुकान वर्षभर रोखीनेच चालव, माल कमी ठेव. पाटीवर लिहिलंस तरी चालेल.

नादारीचा दरवाजा बंद झालेला नाही. बँकेने तडजोड नाकारून घर विकलं, त्यातूनही देणं उरलं, विकायला काही राहिलं नाही आणि हुकूमनामे मागे लागले, तर मी स्वतः तुझा अर्ज लिहीन आणि कोर्टात तुझ्या शेजारी उभा राहीन. तेव्हा त्यात काही कमीपणा नसेल. पण तो दिवस आज नाही. आज तुझ्याकडे जमीन आहे, उधारी आहे, दोन तारखा हातात आहेत आणि सावकाराविरुद्ध कायदा तुझ्या बाजूने आहे.

शेवटचं, आणि हे मी सूनबाईंसमोर मुद्दाम लिहितोय. एका रात्री तू अक्काला "मी नसलो तर सगळं मिटेल" असं म्हणालास. नाही मिटत. मी अशा घरांचे कागद हाताळले आहेत. बोजा सातबाऱ्यावर तसाच राहतो, जामीनदारांना नोटिसा जातात, आणि पोरं वारस म्हणून कोर्टाच्या व्हरांड्यात बसतात. पैसे नाहीत एवढ्यासाठी माणसाला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगून ठेवलंय. पुन्हा तसा विचार आला तर रात्री कितीही वाजता मला उठव. मी फोन उचलला नाही तर १४४१६ वर कर, तो सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि सूनबाई, शेतीच्या औषधांच्या दुकानाची किल्ली काही दिवस तुमच्याकडे राहू द्या. यात त्याचा अपमान नाही.

उद्या मंगळवार. सकाळच्या गाडीने परभणीला ये. येताना लाल वही, बँकेचं पाकीट, वितरकाची नोटीस, खरेदीखताची नक्कल, सातबारा आणि सावकाराला पाठवलेल्या पैशांच्या नोंदी आण. अक्कालाही सोबत आण. तुझ्या मामीने ज्वारीचं पीठ दळून ठेवलंय.

तुझा,
मामा